न्यू हॅम्पशायरचे फॉल कलर्स: तळी, घाट आणि ऑक्टोबरच्या जत्रा

तळ्यात_मळ्यात

फॉल कलर्ससाठी, म्हणजे शरदात रंगणारी पानं बघायला, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: रंगांचा ऐन बहर कधी? याचं एका तारखेत उत्तर नाही. रंग उत्तरेकडून दक्षिणेला सरकतात आणि माथ्यावरून पायथ्याकडे उतरतात. कॅनडाच्या सीमेलगतचा भाग सप्टेंबरच्या शेवटी रंगतो. व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेची पाळी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून साधारण दहा तारखेपर्यंत. विनिपसाकी, स्क्वाम वगैरे तळ्यांचा प्रदेश कोलंबस डेच्या (ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी) आगेमागे रंगात येतो आणि महिन्याच्या मध्यापर्यंत टिकतो. समुद्रकिनारा सगळ्यात शेवटी. एकाच डोंगरावर वर सगळं झडलेलं, मध्ये लालभडक आणि खाली अजून हिरवं, असंही सर्रास दिसतं.

म्हणून तारखेवर डोकेफोड करण्यापेक्षा मुक्काम अशा ठिकाणी ठेवा की वरही जाता येईल आणि खालीही. मेरेडिथ, होल्डरनेस, प्लिमथ हा पट्टा त्यासाठी उत्तम. तिथून अर्ध्या-पाऊण तासात आय-९३ हायवेने लिंकनला, म्हणजे कँकमॅगस घाटाच्या तोंडाशी पोचता येतं, आणि तळी तर दाराशीच. रंग अजून चढले नसतील तर वर जा, झडायला लागले असतील तर खाली या. लिंकनलाच मुक्काम ठेवला आणि आठवडाभर उशीर झाला, तर आजूबाजूला नुसत्या काटक्या.

बाकीच्यांनी भर घाला.

रानपाखरू

तारीख का हलते हे एकदा कळलं की अंदाज स्वतःलाच बांधता येतो. दिवस लहान झाले की पानाच्या देठाशी बुचासारखा थर तयार होतो आणि पानाचा पुरवठा तुटतो. हरितद्रव्य विरतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, तो फक्त उघडा पडतो. त्यामुळे बर्च, अ‍ॅस्पन, बीच दरवर्षी बऱ्यापैकी पिवळे होतातच. लाल रंगाचं तसं नाही. तो शरद ऋतूत नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा हवा, पण गोठणबिंदूच्या खाली नको. रात्री उबदार राहिल्या की मेपल फिके, तपकिरीकडे झुकलेले दिसतात. उन्हाळा फारच कोरडा गेला तर पानं लवकर रंगून लवकर गळतात. आणि ऐन रंगात दोन दिवस वारा-पाऊस झाला तर उंचावरचा खेळ तिथेच संपला.

दलदलीच्या कडेचे रेड मेपल सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच लाल होतात. ते बघून 'यंदा लवकर आहे' असं समजू नका, ते दरवर्षीच घाई करतात. डोंगरउतार भगवा दिसतो तो शुगर मेपलमुळे. ओक सगळ्यात उशिरा, गंजासारखा. आणि ऑक्टोबरच्या शेवटी एखादं सूचिपर्णी झाड सोनेरी दिसलं तर ते वाळलेलं नाही, तो टॅमरॅक आहे. सुया गाळणारा.

चिकू_मिल्कशेक

वाचतेय. आम्ही बॉस्टनहून कोलंबस डेच्या विकेंडला दोन रात्री जातोय. सोबत सासू-सासरे आहेत, दोघांचे गुडघे दुखतात, आणि सहा वर्षांचा मुलगा. कँकमॅगस करायचाच आहे. विनिपसाकी तळ्याभोवती गाडीने चक्कर मारावी का? आणि जत्रांपैकी कुठली बघावी?

घाटवळण

कँकमॅगस म्हणजे रूट ११२ चा लिंकन ते कॉनवे हा ३४.५ मैलांचा तुकडा. १९५९ साली सलग रस्ता झाला. खिंडीची उंची २,८५५ फूट. न थांबता तासाभरात संपतो, पण थांबत थांबत चार-पाच तास धरा. या पूर्ण टप्प्यात पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, मोबाइलला रेंज जवळजवळ नाही. लिंकनला किंवा कॉनवेला टाकी भरा, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, खायचं सोबत घ्या.

दिशा: कॉनवेकडून सकाळी निघालात तर सूर्य पाठीशी राहतो. लिंकनकडून सकाळी निघालात तर थेट डोळ्यांत. ऑक्टोबरात ऊन तिरपं असतं, काच आतून स्वच्छ पुसलेली नसेल तर समोरचं काही दिसत नाही. खिंडीच्या पश्चिमेला पेमी आणि हँकॉक हे ओव्हरलुक (देखावा बघायला थांबायच्या जागा), पूर्वेला ग्रॅहम वँगन आणि शुगर हिल. हँकॉकजवळ रस्ता एकदम उलटा वळतो. तिथे पुढची गाडी अचानक ब्रेक मारते, कारण वळतानाच चालकाला देखावा दिसतो. अंतर ठेवा.

गुडघेवाल्यांसाठी: चारही ओव्हरलुक (गाडीतून उतरलं की समोरच), लोअर फॉल्स, रॉकी गॉर्ज आणि १८५८ सालचा अल्बनीचा छप्पर असलेला लाकडी पूल. सॅबाडे फॉल्सची वाट चढाची नाही, पण धबधब्यापाशी पायऱ्या आहेत. आजी-आजोबांनी खालच्या डोहापाशी बसावं, नातवाने वर जावं.

पार्किंगला व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टचा दिवसाचा पास लागतो, एका गाडीला ५ डॉलर. ठिकाणावर पाकिटं ठेवलेली असतात. पैसे आत घालून पाकीट पेटीत टाकायचं आणि फाडलेला तुकडा डॅशबोर्डवर ठेवायचा. सुटे पाच डॉलर जवळ असू द्या, पेटी मोड देत नाही. एकाच पासवर दिवसभर सगळी ठिकाणं चालतात. नॅशनल पार्कांचा वार्षिक 'अमेरिका द ब्यूटिफुल' पास असेल तर तोही चालतो. फ्लूम गॉर्ज या अरुंद घळीला मात्र यातलं काही चालत नाही, तो स्टेट पार्क आहे. त्याचं वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं. दोन मैलांची फेरी, पायऱ्याच पायऱ्या. तुमच्या मंडळींना नको.

तळ्यात_मळ्यात

वरच्यात एक भर. कोलंबस डेच्या शनिवार-रविवारी अकरा वाजल्यानंतर कँकवर (कँकमॅगसवर) गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. त्याच सोमवारी कॅनडाचं थँक्सगिव्हिंग असतं, त्यामुळे क्युबेकच्या पाट्यांचीही भर. साडेसातला घाटाच्या तोंडाशी असाल तर दहाच्या आत निम्मं बघून होतं.

कोंडी फारच झाली तर सुटकेची वाट म्हणजे बेअर नॉच रोड. कँकवरून निघून नऊएक मैलांत बार्टलेटला यूएस ३०२ वर उतरतो. मध्येच थांबण्याजोग्या जागा आहेत, आणि नॉर्थ कॉनवेच्या आउटलेट दुकानांपुढची रांग टळते. (या राज्यात सेल्स टॅक्स नाही, म्हणून पानं बघायला आलेले निम्मे लोक तिथे बूट घेत असतात.)

चिकू_मिल्कशेक

फार उपयोगी! आणि तळ्याची चक्कर?

पाऊलवाट_४८

विनिपसाकीची चक्कर नकाशावर फार सुरेख दिसते. मेरेडिथ, सेंटर हार्बर, मोल्टनबरो, रूट १०९ ने वुल्फबरो, रूट २८ ने अल्टन बे, रूट ११ ने गिलफर्ड आणि परत. सुमारे ७० मैल. पण खरं सांगायचं तर या रस्त्यावरून तळं फारसं दिसतच नाही. काठ बहुतेक खाजगी घरांनी व्यापलेला, मध्ये दाट झाडी. अल्टन बे, वुल्फबरोचा धक्का, मेरेडिथचा धक्का आणि वीअर्स बीच एवढ्याच ठिकाणी पाणी नीट समोर येतं. जागोजाग दरीकडेच्या कट्ट्यावर थांबायला मिळेल असं समजून जाणाऱ्यांची निराशा होते.

हे तळं एकतर पाण्यातून बघायचं नाहीतर उंचावरून. पाण्यातून म्हणजे वीअर्स बीचवरून सुटणारी 'माउंट वॉशिंग्टन' ही २३० फुटी बोट, फेऱ्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत असतात. वरच्या डेकवर वारा बोचरा असतो, काचेआडची जागा आधी धरा. उंचावरून म्हणजे:

मोल्टनबरोचं कासल इन द क्लाउड्स. डोंगराच्या कुशीतला शंभर वर्षांहून जुना बंगला, खाली पूर्ण तळं आणि बेटं. चढावाचा भाग वाहनाने होतो. तुमच्या सासू-सासऱ्यांसाठी हेच. तिकीट आधी काढा.

अबेनाकी टॉवर, रूट १०९ वर, टफ्टनबरोत. गाडीपासून थोडं चाललं की ८० फुटी लाकडी मनोरा. सहा वर्षांच्या पोराला जिने फार आवडतात.

वेस्ट रॅटलस्नेक, स्क्वाम तळ्यावर. रूट ११३ वरून ओल्ड ब्रिडल पाथ, एका बाजूने मैलापेक्षा थोडं कमी. इतक्या कमी चढात इतका मोठा देखावा या भागात दुसरा नाही. म्हणूनच पार्किंग आठलाच भरतं.

माउंट मेजर, अल्टनमध्ये रूट ११ वर, १,७८६ फूट. शेवटचा टप्पा उघड्या कातळाचा, ओली पानं पडलेली असली की घसरतो. उतरताना ज्या वाटेवर कातळ कमी ती निवडा.

रानपाखरू

गुडघ्यांसाठी आणखी एक: नॉर्थ कॉनवेजवळचा कॅथीड्रल लेज. कड्याच्या माथ्यापर्यंत गाडी जाते, खाली साको नदीचं खोरं आणि एको लेक.

आणि इथेच मोठा घोळ होतो. एको लेक दोन आहेत! एक इथे कड्याखाली, दुसरं फ्रँकोनिया नॉचमध्ये (नॉच म्हणजे खिंड) आय-९३ लगत. दोन्ही स्टेट पार्क, दोन्ही सुंदर, मध्ये अख्खी डोंगररांग. फोनवर नुसतं 'एको लेक' टाकलं तर फ्रँकोनियाच्या आर्टिस्ट्स ब्लफ कड्याला निघालेला माणूस नॉर्थ कॉनवेला पोचतो. नावापुढे गाव टाकायचंच.

घाटवळण

आर्टिस्ट्स ब्लफचा विषय निघालाच आहे तर: दीड मैलाची फेरी, एका बाजूने दगडी चढ. वरून दिसणारं फ्रँकोनियाचं एको लेक आणि तळ्याला वळसा घालून गेलेला रस्ता, हे चित्र तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. सूर्योदयालाच पार्किंग भरतं. हायवेच्या कडेला गाडी लावू नका, टो करतात.

जुन्या ब्लॉगवर शेजारच्या कॅनन माउंटनची केबल कार सुचवलेली असते. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कायमची थांबवली. त्या भरवशावर वयस्कर मंडळींना नेऊ नका.

माउंट वॉशिंग्टन डोंगरावरचा ऑटो रोड (७.६ मैल, ६,२८८ फुटांवर) केवळ पानांसाठी करू नये असं माझं मत. वरच्या निम्म्या भागात झाडंच नाहीत, आणि ऑक्टोबरात बर्फ-वाऱ्यामुळे तो बऱ्याचदा अर्ध्यातूनच बंद ठेवतात. केलाच तर उतरताना पहिल्या गिअरमध्ये या आणि ब्रेक गार व्हायला थांबत या.

सुगीचे_दिवस

आता जत्रा. माझा आवडता विषय.

सँडविच फेअर: सेंटर सँडविचला, कोलंबस डेच्या शनिवारपासून सोमवारपर्यंत. गावजत्राच. भाज्या-लोणची-रजयांच्या स्पर्धा, गुरं, पाळणे, रविवारी मिरवणूक. मिरवणुकीच्या वेळी गावातून गाडी काढायची आशा सोडा. रूट ११३ ने होल्डरनेसहून येताना रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, नऊच्या आत पोचलात तर शेतातलं जवळचं पार्किंग मिळतं. पाऊस पडून गेला असेल तर तेच शेत चिखलाचं होतं, बूट तसे घाला. रोख पैसे ठेवा.

फ्रायबर्ग फेअर: कॉनवेहून यूएस ३०२ ने सीमा ओलांडली की लगेच, मेन राज्यात. रविवारी सुरू होऊन आठ दिवस चालते, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ही सँडविचपेक्षा कितीतरी मोठी. सोमवारी लाकूडतोड्यांच्या स्पर्धा असतात. बैलांची ओढ मात्र चुकवू नका. आपल्या शर्यतीसारखी धाव इथे नाही. काँक्रीटचे ठोकळे लादलेली बिनचाकाची घसरगाडी ओढायची. जोडीच्या वजनाप्रमाणे गट. जू मानेवर, आणि खाली यू आकारात वाकवलेलं लाकूड गळ्याभोवती. हाकणारा हातात काठी घेऊन बाजूने चालतो, आणि साखळी ताणली जाताना सगळा मांडव गप्प होतो. महिलांची तवाफेकीची स्पर्धाही असते, तवा बिडाचा.

काही वर्षी फ्रायबर्गचा शेवट नेमका कोलंबस डेच्या विकेंडला येतो. मग कॉनवे ते फ्रायबर्ग ३०२ पूर्ण तुंबतो. जायचं असेल तर मधल्या वारी जा.

लॅकोनियाचा पंपकिन फेस्टिव्हल: ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. हा आधी कीन या गावी व्हायचा, तिथे २०१३ साली ३०,५८१ कोरलेले, पेटवलेले भोपळे एकावेळी मांडून विक्रम झाला होता. २०१५ पासून लॅकोनियात. अंधार पडल्यावरच जा, दिवसा त्यात काही नाही. तोपर्यंत डोंगरातले रंग उतरलेले असतात, पण तळ्याकाठचे ओक असतात.

आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या विकेंडला लिंकनच्या लून माउंटनवर स्कॉटिश हायलँड गेम्स. त्यासाठी जायचं नसेल तर त्या विकेंडला लिंकनला खोली शोधू नका.

@चिकू_मिल्कशेक, तुमच्या तारखेला सँडविच. शनिवारी सकाळी जत्रा, दुपारी तिथून जवळच कासल. रविवारी पहाटे कँक.

चिकू_मिल्कशेक

ठरलं! मुलाला भोपळा कोरायचाय, मुक्कामावरच. किती दिवस टिकतो?

सुगीचे_दिवस

उबेत तीन-चार दिवस, बाहेर गारठ्यात आठवडाभर. दोन गोष्टींनी फरक पडतो. एक, झाकण वरून न कापता तळाला गोल कापा. देठ शाबूत राहतो, भोपळा आत कोलमडत नाही, आणि दिवा ठेवून वरून भोपळा नुसता उपडा करायचा. दोन, आतला गर मोठ्या चमच्याने खरवडत जा, चेहऱ्याच्या बाजूची भिंत इंचभर राहील इतपत. जाड राहिली तर सुरी अडकते आणि उजेड बाहेर येत नाही, पातळ झाली तर दुसऱ्या दिवशी तोंड आत वळतं. मेणबत्तीऐवजी एलईडी, कारण उष्णतेने आतून शिजायला लागतो. कोरलेला भोपळा गाडीत ठेवून परत आणू नका, वास दोन महिने जात नाही.

पाऊलवाट_४८

सुरक्षिततेचं कुणीच लिहिलं नाही अजून.

मूस, म्हणजे घोड्याएवढं मोठं हरीण. साधं हरीण समोर आलं तर डोळे चमकतात. मूस इतका उंच असतो की डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर राहतात, अंग काळपट, पाय लांब. धडक बसली की बंपरला पाय लागतात आणि सगळं धड काचेवर येतं. संध्याकाळी आणि पहाटे जंगलातल्या रस्त्यांवर वेग कमी ठेवा. त्या विकेंडला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे उन्हाळ्याच्या सवयीने लोक विसरतात.

चालायला जाणाऱ्यांनीही तेच विसरू नये. दुपारी तीननंतर वर निघायचं असेल तर डोक्याचा दिवा हवाच, फोनचा टॉर्च नव्हे. शिकारीचा हंगाम असतो, केशरी रंगाचं काहीतरी अंगावर घाला. राज्याचं फिश अँड गेम खातं 'हाइक सेफ' कार्ड विकतं, एकट्याला २५ डॉलर, कुटुंबाला ३५. निष्काळजीपणामुळे सुटका करावी लागली तर इथे खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो, कार्ड असेल तर साधारणपणे होत नाही.

ओल्या पानांचा थर रस्त्यावर बर्फाइतका घसरडा असतो. वळणावर ब्रेक नको, वळणाआधी.

कॅमेराकडा

फोटोंसाठी थोडं. तळ्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर वारा उठण्याआधी, म्हणजे साधारण नऊच्या आत. रूट १६ वरचं चोकोरुआ तळं याला सर्वोत्तम: पाण्याच्या पलीकडे थेट माउंट चोकोरुआचा सुळका. थंड रात्रीनंतर पाणी हवेपेक्षा गरम असल्याने धुकं बसतं. सातला काहीच दिसलं नाही म्हणून निघून जाऊ नका, थांबा. धुकं वर उचललं जातानाची दहा मिनिटंच खरी.

लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला तर पानांवरची चकाकी जाऊन रंग गडद येतो, पण तोच फिल्टर पाण्यातलं प्रतिबिंबही पुसतो. फिरवत फिरवत मधली जागा शोधा. ढगाळ दिवशी आकाश चौकटीबाहेर ठेवा आणि जंगलाच्या आतले फोटो काढा, कडक उन्हापेक्षा रंग छान येतात.

तळ्यात_मळ्यात

कयाक नेणाऱ्यांसाठी: कोलंबस डेच्या सुमारास राज्य बऱ्याच तळ्यांची पातळी हिवाळ्यासाठी उतरवायला सुरुवात करतं. बोटी उतरवायच्या रॅम्पसमोर खडक वर आलेले असतात. पाणी थंडगार असतं, लाइफ जॅकेट अंगात घाला, बोटीत ठेवू नका.

राहण्याचा हिशेब करताना खोली आणि जेवण दोन्हींवर ८.५ टक्के कर धरा. कोलंबस डेला बहुतेक ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते. केबिन घेतली असेल तर शेकोटीची लाकडं मॅसॅच्युसेट्सहून आणू नका, झाडांच्या किडीमुळे बाहेरच्या राज्यातली प्रक्रिया न केलेली लाकडं आणायला बंदी आहे. तिथेच विकत मिळतात.

घाटवळण

@चिकू_मिल्कशेक, परतीचं राहिलं. सोमवारी दुपारी आय-९३ दक्षिणेकडे तुंबतो, हुकसेटच्या टोलपर्यंत. एकतर सकाळी दहाच्या आत निघा नाहीतर रात्री जेवून. अधल्यामधल्या वेळी निघावंच लागलं तर मेरेडिथहून लॅकोनिया आणि तिथून रूट १०६ ने काँकॉर्ड. हायवेवर काँकॉर्डच्या पुढेच चढायचं, आणि वाटेत तळ्याकाठचे उरलेसुरले मेपल.